आपलेच दात, आपलेच ओठ

३ मार्च, सोमवार

सहा कोडी आज देऊन आलो. वर्तमानपत्राच्या कचेरीत फाटकावर एक जण बसतो, त्याच्याकडे पाकीट दिलं आणि पोच मागितली. तो म्हणाला, "लग्नपत्रिका आहे का?" म्हटलं, नाही, शब्दकोडी आहेत. "मग हरवणार नाहीत," म्हणाला. याचा अर्थ काय, ते मला अजून कळलेलं नाही.

हे कोणाला सांगायची सोय नाही, म्हणून ही दैनंदिनी. छप्पन्नाव्या वर्षी दैनंदिनी म्हणजे वरातीमागून घोडं, पण असो.

मी कवळ्या करतो. दातांचे डॉक्टर तोंडाचा ठसा घेतात, तो आमच्या कारखान्यात येतो. त्यावरून मी मेणात दात बसवतो, चावा जुळवतो, मग गुलाबी हिरडी घडवायची, घासायची, चकाकी आणायची आणि डबीत घालून परत. तीस वर्षं झाली. या गावात शेकडो माणसं माझ्या दातांनी हसतात आणि एकालाही माझं नाव ठाऊक नाही. डबीवर डॉक्टरांचं नाव असतं.

आणि एकोणीस वर्षं मी गूढ शब्दकोडं सोडवतो. एकटा नाही, साडूबरोबर. सौ.च्या धाकट्या बहिणीचा नवरा तो, पाणीपुरवठ्याच्या पंपावर असतो. रोज सकाळी सात दहाला त्याचा फोन येतो. मी नेमका अंघोळीला असतो. तोवर सौ. फोन धरते, मी आलो की मला देते. त्याच्या मागे पंपाची घरघर, माझ्या पुढ्यात पेपर. साधं कोडं म्हणजे अर्थ दिलाय, शब्द ओळखा. गूढ कोड्यातलं सूत्र बोलतं एक आणि त्याच्या मनात असतं भलतंच. "नेहमी उलटा वागणारा नोकर, अक्षरं दोन." नेहमी म्हणजे सदा. उलटा केला की दास. असं एक सुटलं की त्या दिवशी जेवण उशिरा मिळालं तरी मी कुरकुरत नाही.

सोडवता सोडवता आम्ही स्वतःही सूत्रं रचायला लागलो. साडू सांगायचा, मी हिरव्या वहीत उतरवायचो. वही माझ्याकडे, अक्षर माझं.

आता जुन्या कोडेकारांनी डोळ्यांपायी काम सोडलं आणि पेपरात चौकट आली: नवा कोडेकार हवा, नमुन्याची सहा कोडी द्या. दिली. साडूला बोललो नाही. एक तर निवड झाली नाही तर हसं होईल. दुसरं म्हणजे अर्जात नावाला एकच ओळ होती. वहीतली बरीचशी सूत्रं मुळात त्याने सांगितलेली, हे खरं. पण त्यांचे शब्द मी घासले. नुसत्या ठशाने कोणाला चावता येतं का?

९ मार्च, रविवार

साडूकडे गेलो होतो. सौ. आणि मेहुणी आत, आम्ही बाहेर पेपर घेऊन. साडूला आज सांगून टाकावं असं दोनदा मनात आलं. तो म्हणाला, "साडूभाऊ, कालपासून एक डोक्यात आहे. 'मनाई केली तरी उलटंच ऐकतो.' अक्षरं दोन."

मी क्षणात म्हटलं, "कान. नका उलटा."

"बरोबर!" त्याला मनापासून आनंद होतो. हा त्याचा गुण आहे.

"पण ढिलं आहे. 'मनाई केली तरी उलटंच ऐकणारा अवयव' कर."

"तसं नको हो. मग सांगूनच टाकल्यासारखं होतं," असं म्हणून त्याने का कोण जाणे स्वयंपाकघराकडे पाहिलं.

आतून सौ. म्हणाली, "ऐकणारा अवयव म्हटल्यावर उरलं काय? नाक थोडंच ऐकतं?"

बायकांना आतून सगळं ऐकू येतं. मी म्हटलं, "तू चहाकडे बघ, उतू जातोय." ती म्हणाली, "चहा अजून ठेवलेलाच नाही." दोघी बहिणी हसल्या.

मी अवयव घालूनच उतरवून घेतलं. सांगायचं राहून गेलं.

२१ मार्च, शुक्रवार

निवड झाली!

पुरवणीच्या संपादक बाईंचा फोन कारखान्यात आला. हाताला मेण लागलेलं, फोन खांद्याने धरला. त्या म्हणाल्या, "तुमच्या सूत्रांत एक खट्याळपणा आहे. घरात बसून कोणीतरी हळूच चिमटा काढावा तसा. मध्येच कुठे कुठे जड होतात, तेवढं बघा." जड म्हणजे कुठे, ते विचारायला हवं होतं. आठवड्याची सहा कोडी माझी. रविवारी तूर्त जुनीच छापणार. टोपणनाव हवं म्हणाल्या. माझ्यासमोर डॉक्टरांचा कागद होता, खालची शेवटची दाढ. म्हटलं, "अक्कलदाढ." त्या खूप हसल्या.

घरी येऊन सौ.ला सांगितलं. ती टॉवेलांच्या घड्या घालत होती.

"सहाही कोडी वहीतली?"

"वहीतलीच की."

"त्यांना सांगितलंत?"

"सांगेन. अचानक छापून आलं की गंमत येईल."

तिने तोच टॉवेल उलगडून पुन्हा घडी घातली. मग म्हणाली, "'पाठ' घातलंत?"

घातलं होतं. 'तोंडाने करतात, मित्राला दाखवत नाहीत, अक्षरं दोन.' साडूचं सूत्र, दोन वर्षांपूर्वीचं. तिच्या लक्षात कसं राहिलं, नवल आहे. मी म्हटलं, "पहिल्याच कोड्यात आहे." ती "हं" म्हणाली आणि कपाट उघडून बराच वेळ आत बघत राहिली. वाटलं होतं, तिला जास्त आनंद होईल.

१ एप्रिल, मंगळवार

छापून आलं. उजव्या कोपऱ्यात, खाली 'अक्कलदाढ'. 'कान' मागाहून पाठवून याच कोड्यात तेरा उभ्यात घालून घेतला होता. पेपरचे तीन अंक घेतले. आज अंघोळ लवकर उरकली आणि सात दहाचा फोन मीच उचलला.

मी म्हटलं, "आजचं पाहिलंस? नवीन कोडेकार दिसतोय. कसं वाटलं?"

नुसता पंप. मग तो म्हणाला, "सुटलं."

"सगळं?"

"सगळं. पेन्सिल टेकवायच्या आधीच."

"मग? कसं आहे?"

"चांगलं आहे. तेरा उभ्यात 'अवयव' नको होता." आणि शिफ्ट बदलायची वेळ झाली म्हणून ठेवला.

मी आणखी एक-दोन दिवस गंमत ताणणार होतो. त्याने ओळखलं नाही म्हणावं, तर अवयव कसा टोचला? आणि ओळखलं असेल, तर अभिनंदनाचा एक शब्द नको? एकोणीस वर्षांची सोबत आणि तोंडातून शब्द निघाला तो हा. मत्सर वाईट. चांगल्या चांगल्यांना सोडत नाही.

८ एप्रिल, मंगळवार

आठवडा झाला, साडूशी बोलणं नाही. अंघोळ करून येतो तर फोन जागेवर. सौ. म्हणते, "आला होता. घाईत होते." रोजच घाई? पंप कुठे पळून जातोय?

माणसाला आपल्या माणसाचं बरं झालेलं बघवत नाही. लोकांचं काय घेऊन बसलात.

१७ एप्रिल, गुरुवार

पेपरच्या संकेतस्थळावर रोजच्या कोड्याखाली लोक चर्चा करतात, ते संपादक बाईंनी दाखवलं. मला हे ठाऊकच नव्हतं. 'रिकामटेकडा' म्हणून एक आहे, तो रोज किती मिनिटं लागली ते लिहितो. 'चष्मेवाला' रोज भांडतो. आणि आता एक 'कोरी पाटी' आली आहे.

कोरी पाटीने माझ्या नऊ आडव्यावर लिहिलं आहे. सूत्र होतं: 'उन्हाळ्यात वेल उलटली तर ठेका, अक्षरं दोन.' वेल म्हणजे लता, उलटी केली की ताल. मला सुंदर वाटलं होतं. कोरी पाटी म्हणते: "इथे उन्हाळा कशाला आला? वेल हिवाळ्यातही उलटते." खाली सतरा जणांनी हसण्याची चित्रं टाकली आहेत. रिकामटेकड्याने लिहिलं, "अक्कलदाढ दुखायला लागली."

वातावरणनिर्मिती नावाची काही गोष्ट असते की नाही?

२६ एप्रिल, शनिवार

पहिल्या कोड्यापासूनचे सगळे शेरे कागदावर उतरवून काढले आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. कोरी पाटी ज्यांची वाखाणणी करते ती सगळी सूत्रं हिरव्या वहीतली. जी मी स्वतः, एकट्याने रचली, त्यांवर बरोबर बोट. 'नोकर' छान. 'पाठ' छान. उन्हाळा वाईट. परवाचं 'आजोबांच्या कोटाची बाही' तर "हे सूत्र आहे की सामानाची यादी?" कोणतं वहीतलं आणि कोणतं माझं, हे जगात एकाच माणसाला कळू शकतं.

साडू!

समोर बोलायचं नाही आणि बुरखा घेऊन चारचौघांत दात काढायचे. मी याच्या दाढेवर टोपी बसवून दिली होती. फुकट. अशी बसली आहे की त्याला आजवर कळत नाही खरी कोणती. तोच जबडा आता मला चावतो आहे.

सौ.ला सांगितलं. तिने भांडं घासायचं थांबवलं. म्हणाली, "तेच असतील कशावरून?"

"दुसरं कोण?"

"एवढं वाईट लिहिते का ती पाटी?"

"वाईट नाही. बरोबर लिहिते. म्हणून तर राग येतो."

सौ. माझ्याकडे बघत राहिली. मग नळ सोडला.

४ मे, रविवार

सरळ पंपावर गेलो. टाकीमागची खोली, भिंतीवर दाबाची तीन घड्याळं, टेबलावर नोंदवही आणि आजचा पेपर. कोडं अर्धं भरलेलं. माझ्याशिवाय.

मी उभ्याउभ्याच म्हटलं, "कोरी पाटी."

"बसा तरी, साडूभाऊ."

"बसायला आलो नाही. तूच ना?"

"मी नाही."

"खोटं बोलू नकोस."

"शपथ घेऊन सांगतो, नाही. कोण आहे ते मला माहीत आहे, पण ते मी सांगायचं नाही."

"बरं. मग फोन का बंद केलास?"

त्याच्या चेहऱ्यावर खरोखरचा गोंधळ. "फोन? रोज करतो की."

इतकं धडधडीत! मी म्हटलं, "तुझी सूत्रं मी वापरली म्हणून हे चाललं आहे. मान्य कर. तुला तुझा वाटा हवा होता, तर तोंडाने मागायचा."

त्याने एका घड्याळाचा काटा बघितला, नोंदवहीत आकडा लिहिला. मग म्हणाला, "सगळी माझी नव्हती."

"म्हणजे माझी होती, हे कबूल आहे ना?"

तो हसला नाही, चिडला नाही. "तुम्ही घरी जा," म्हणाला. "घरी विचारा."

घरी काय विचारायचं? घरी कोणाला कोड्यातलं ओ का ठो कळतं? मी निघालो. पायऱ्या उतरताना मागून म्हणाला, "गुडघा जपा, तिसरी पायरी सुटली आहे." तेवढ्याने मला आणखी राग आला.

१३ मे, मंगळवार

वहीतलं आता जवळजवळ संपलं. गेले आठ दिवस सगळं माझं मीच. दुपारी जेवणाच्या सुट्टीत कवळ्यांच्या रांगेसमोर बसून रचतो. तेवढे दात समोर आ वासून असले की सुचतं त्यातलंही पळतं.

पण आज एक आलं. रागाच्या भरात आलं. कोड्यात पक्षी म्हणजे 'वि', हे जुनं ठरलेलं. दम म्हणजे श्वास. नाश म्हणजे घात. 'पक्ष्याचा दम, मागोमाग नाश: हे परक्याला जमत नाही, अक्षरं पाच.' विश्वासघात! एक अक्षर इकडचं तिकडे करायला नको. मी खुर्चीवरून उठलो. फोन हातात घेतला, साडूचा नंबर काढला आणि मग लक्षात आलं की कोणाला सांगायला निघालो आहे.

फोन ठेवला. दुपारभर दातांचे चावे जुळवले.

१९ मे, सोमवार

विश्वासघात आज छापलं. कोरी पाटी: "सात आडवं अप्रतिम. हे नक्की अक्कलदाढेचं स्वतःचं. अशी आणखी येऊ द्या."

वाचून इतकं बरं वाटलं की लाज वाटली. ज्याच्यावर रचलं त्यानेच पाठ थोपटावी! पुन्हा वाचलं. मग पुन्हा.

संध्याकाळी सौ.ने विचारलं, "आजचं सात आडवं तुम्हाला कुठे सुचलं?" म्हटलं, कारखान्यात. "छान आहे," म्हणाली. ती पेपरातलं कोडं बघते, हे नवीनच.

२१ मे, बुधवार

अक्षर लागणार नाही, पण लिहायला हवं.

सकाळी चष्मा घरी राहिला. चष्म्याशिवाय मला दात आणि तांदूळ सारखेच. साडेनऊला परत आलो. दार नुसतं लोटलेलं. आत पंपाची घरघर. आमच्या घरात पंप! मग कळलं, फोन टेबलावर मोठ्या आवाजात लावलेला.

सौ. म्हणत होती, "अहो, 'दमत' चुकून लिहिलं म्हटलं की लोक थेट 'मदत'वर जातात. थोडं लपवायला हवं."

साडू म्हणाला, "मग 'ती दमत दमत धावून आली' असं काहीतरी करू या का, ताई?"

"एकदाच दमू द्या तिला!" आणि ती हसली. तीस वर्षं संसार केला. हे हसणं माझ्या ओळखीचं नव्हतं.

मला बघून तिने फोन बंद केला नाही. "हे आलेत. नंतर बोलू," म्हणाली आणि मगच ठेवला. टेबलावर आखलेले चौकोन, खोडलेली सूत्रं, पेन्सिलीची टोकं. आपल्या घरातलं हे टेबल मी पहिल्यांदा बघत होतो.

"हे केव्हापासून?" मी विचारलं.

"कोणतं? सोडवणं की रचणं?"

"कोरी पाटी तू?"

"हो."

"चारचौघांत माझी अब्रू काढलीस?"

"मी अक्कलदाढेला लिहीत होते. घरी बोलले असते तर चहा उतू गेला असता."

मी खुर्ची धरली. ती उभीच होती. म्हणाली, "सात दहाला फोन येतो. तुम्हाला अंघोळीला पंधरा मिनिटं लागतात. त्यात आमचं निम्मं कोडं सुटलेलं असायचं. मग तुम्ही यायचात आणि ते तुमच्याबरोबर पहिल्यापासून पुन्हा सोडवायचे, न सुटल्यासारखं करून. मला नवीन काही सुचलं की मी त्यांना सांगायची, ते तुम्हाला सांगायचे."

"वहीतली..."

"नोकर माझं. पाठ माझं. कान माझं. निम्म्याहून जास्त माझी. काही खरंच त्यांची."

"मग माझं म्हणून सांगायचं होतंस!"

"तुम्ही वहीत घेतलं असतंत?"

"घेतलं असतं," मी म्हटलं. आणि मग तोंडातून गेलंच, "तपासून."

तिने टेबलावरची पेन्सिलीची टोकं गोळा केली.

मी म्हटलं, "म्हणजे एकोणीस वर्षं तुम्ही दोघांनी मिळून मला फसवलंत."

"आणि तुम्ही आमचं छापलंत," ती म्हणाली. 'आमचं' म्हणाली. त्या शब्दात मी कुठे होतो, ते मला अजून सापडलेलं नाही.

चष्मा न घेताच कारखान्यात गेलो.

२२ मे, गुरुवार

काल केलेली कवळी परत आली. वरचे दात खालच्यांना भेटतच नाहीत.

२५ मे, रविवार

चार दिवस विचार केला आणि मोठ्या मनाने ठरवलं. साडू आणि मेहुणीला घरी बोलावलं. सगळ्यांना बसवून सांगितलं, झालं गेलं गंगेला मिळालं. आपण तिघांचं मंडळ करू. तुम्ही दोघं कच्चा माल द्यायचा, मी शेवटचा हात फिरवायचा. नाव तूर्त अक्कलदाढच राहू दे, लोकांच्या तोंडी बसलं आहे.

मेहुणी म्हणाली, "आपलेच दात, आपलेच ओठ. कोणाला काय बोलायचं!" हे माझ्यावर होतं की त्या दोघांवर, कळलं नाही.

साडू म्हणाला, "साडूभाऊ, मला नाव नकोच होतं. पहिल्या दिवशी पेपर उघडला आणि ताईंची सूत्रं दिसली, माझी दिसली. वाटलं, आता तुम्ही सांगाल. तेवढ्यासाठी फोन कानाला लावून बसलो होतो. तुम्ही विचारलंत, कसं वाटलं."

"मी सांगणारच होतो."

"हो," तो म्हणाला. त्याच्या 'हो'ला दुसरा अर्थ असेल म्हणून मी वाट बघितली. नव्हता.

सौ. म्हणाली, "मंडळ नको. मला मंडळात पुन्हा चहाच करावा लागेल."

३ जून, मंगळवार

संपादक बाईंचा फोन. रविवारसाठी नवीन कोडेकार मिळाल्या. त्यांनी चार कोडी पाठवली होती. "तुमच्या पहिल्या सहा कोड्यांची आठवण झाली हो," म्हणाल्या. "तसाच चिमटा. टोपणनाव नको म्हणतात, स्वतःचंच हवं." आणि नाव सांगितलं.

त्या नावाची एक व्यक्ती आमच्या घरात आहे. पण नावाचं काय, एका गावात शंभर असतील.

बाई म्हणाल्या, "ओळखता का?" मी म्हटलं, नाही.

६ जून, शुक्रवार

आज विचारलं. म्हणाली, "हो, मीच."

"मला न सांगता?"

"निवड झाली नसती तर हसं झालं असतं."

साडूला माहीत होतं. मेहुणीला माहीत होतं. फाटकावरच्या माणसाने तिला पोचसुद्धा दिली म्हणे. एका छताखाली राहून, रोज समोरासमोर जेवून, चुपचाप पाकीट देऊन यायचं. असं कोणी आपल्या माणसाशी करतं का?

हे वाक्य लिहून अर्धा तास झाला. पुढचं सुचत नाही.

८ जून, रविवार

हिरवी वही तिच्या टेबलावर ठेवली. ती भाजी निवडत होती. मला वाटलं, काही बोलावं लागणार नाही, वही बघून तिला समजेल.

तिने पानं चाळली. एका पानावर थांबली, थोडी हसली, पुढे गेली. मग वही मिटून माझ्याकडे सरकवली. "सगळं तुमच्या अक्षरात आहे," म्हणाली. "तुम्हीच ठेवा."

आवाजात राग नव्हता.

११ जून, बुधवार

संपादक बाईंना फोन करून सांगितलं, पहिल्या सहा कोड्यांतली निम्म्याहून जास्त सूत्रं माझी नव्हती. कोणाची होती तेही सांगितलं. तीन वाक्यं, कारखान्याच्या मागच्या अंगणात उभं राहून बोललो. त्या म्हणाल्या, "विश्वासघात कोणाचं?" म्हटलं, ते माझं. "मग आठवड्यातून दोन दिवस तसं देत जा. चार दिवस दुसरं कोणीतरी बघते."

सहाचे दोन झाले. घरी अजून सांगितलेलं नाही. सौ.ला कळेलच. या घरात सगळ्यांना सगळं कळतं, मला सोडून.

१५ जून, रविवार

तिचं पहिलं कोडं आज आलं. खाली नुसतं तिचं नाव, आडनाव नाही. पेपर तिने माझ्या हातात दिला आणि आत गेली. मदत हवी का म्हणून विचारलं नाही. चूक सापडली तर सांगा, असंही म्हणाली नाही.

चूक शोधण्यासाठीच बसलो होतो, ते कबूल करतो. पहिली वीस मिनिटं एकच शब्द सुटला. ती कशी विचार करते, हे मला ठाऊक नाही. साडूला ठाऊक आहे. त्याने सात दहालाच तिला सांगितलं असणार, सुटलं म्हणून. मी अडलो, उठलो, पाणी प्यालो, पुन्हा बसलो. जबड्याचा ठसा हातात येतो तेव्हा तो माणूस कोणत्या बाजूने चावतो ते मी सांगू शकतो. आणि तीस वर्षं समोर बसलेल्या बाईचं एक सूत्र लागेना. एकेक करून सुटत गेलं. प्रत्येक उत्तराला आधी राग यायचा, मग कौतुक वाटायचं, मग पुन्हा राग.

शेवटी अठरा उभं उरलं. 'सोबत दुर्गंध: एका घरात दिवस काढायचे म्हणजे हे आलंच, अक्षरं चार.'

सोबत म्हणजे सह. दुर्गंध म्हणजे वास. सहवास.

वाचून आधी कान तापले. हे सबंध गावाने वाचलं असणार. मग पुन्हा वाचलं आणि मी मोठ्याने हसलो. आवरताच आलं नाही.

आतून ती म्हणाली, "अठरा उभं का?"

"छे," मी म्हटलं. "तिथवर अजून पोचलोच नाही."

"मग हसलात कशाला?"